नवजात पिल्लांचा अडखळता श्वास आणि रक्तातले वायू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन प्रकारची माणसं विचारतात. एक, ज्यांच्या समोर मध्यरात्री नुकतंच जन्मलेलं ओलं पिल्लू आहे आणि त्याचा श्वास मध्येच थांबतोय. दुसरे, शरीरक्रियाशास्त्राच्या परीक्षेला बसलेले विद्यार्थी. उत्तर दोघांना एकच लागतं, पण पहिल्यांना जरा लवकर. म्हणून त्यांचा प्रश्न आधी.

पिल्लू पाच-सहा श्वास भराभर घेतं, मग थांबतं, मग पुन्हा सुरू करतं. हे धोक्याचं आहे का?

बहुतेक वेळा नाही. दोन दिवसांचं कुत्र्याचं पिल्लू झोपलेलं असताना त्याच्या बरगड्यांकडे निवांत बघा. सहा-सात उथळ श्वास होतात आणि छाती एकदम निश्चल होते. मनात एक, दोन, तीन, चार मोजावं, तोवर काहीच हलत नाही. एखादा पंजा फडफडतो, ओठ दूध चोखल्यासारखे हलतात आणि एका खोल श्वासानं गाडं पुन्हा सुरू होतं. हिरड्या गुलाबी आहेत, अंग उबदार आहे, हात लावल्यावर पिल्लू कुरकुरत आचळाकडे सरपटतंय, तर त्या चार सेकंदांत काहीही बिघडलेलं नाही. याला आवर्ती श्वसन म्हणतात. माणसाच्या बाळांसाठी त्याची नेहमीची व्याख्या अशी : किमान 3 सेकंदांचे निदान 3 थांबे, आणि दोन थांब्यांच्या मधलं श्वसन 20 सेकंदांहून कमी. प्राण्यांवर काम करणारेही बहुधा हीच फूटपट्टी उसनी घेतात.

घाबरायचं ते पुढच्या गोष्टींना. थांबा 15-20 सेकंदांच्या पुढे जाणं, जीभ-हिरड्या निळसर किंवा राखाडी दिसणं, पिल्लू हातात लुळं पडणं, आणि हृदयाचे ठोके मंदावणं. पहिल्या आठवड्यात कुत्र्याच्या पिल्लाचे ठोके मिनिटाला 200 च्या आसपास किंवा त्याहून जास्त असतात. ते 150 च्या खाली रेंगाळत असतील तर बहुतेक वेळा मूळ कारण ऑक्सिजनची टंचाई असते. अशा वेळी ठोके वाढवणाऱ्या अ‍ॅट्रोपिनकडे हात जातो, पण जन्मानंतरचे पहिले काही दिवस त्याचा उपयोग होत नाही, कारण हे मंदावणं हृदयाला आवरणाऱ्या व्हेगस नसेमुळे नसून हृदयाच्या स्नायूलाच ऑक्सिजन न मिळाल्यामुळे असतं. आधी फुफ्फुसात हवा, मग बाकीचं.

'रक्तातले वायू' म्हणजे नेमकं काय मोजतात?

तीन आकडे. धमनीतल्या रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब, कार्बन डायऑक्साइडचा दाब, आणि सामू (पीएच, म्हणजे रक्त किती आम्ल आहे त्याचं माप; आम्लता वाढली की हा आकडा उतरतो). दाब मिलिमीटर पाऱ्यात सांगतात. धडधाकट मोठ्या सस्तन प्राण्यात ऑक्सिजन साधारण 90 ते 100, कार्बन डायऑक्साइड 40 च्या आगेमागे आणि सामू 7.4 च्या जवळ असतो.

यातली एक गोष्ट पाठ असू द्या, कारण पुढची निम्मी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. कार्बन डायऑक्साइडचा आकडा थेट श्वसनाच्या प्रमाणावर चालतो. शरीरात तो तयार होण्याचा वेग तोच राहिला आणि वायुकोशांत (फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत) खेळणारी हवा निम्मी झाली, तर त्याचा दाब दुप्पट होतो. ऑक्सिजनचा आकडा मात्र फुफ्फुसं किती उघडली आहेत, रक्त कुठल्या वाटेनं वळतंय, अशा इतर गोष्टींनीही हलतो. म्हणून 'श्वास पुरेसा चाललाय का' हे कार्बन डायऑक्साइडला विचारायचं आणि 'फुफ्फुस आपलं काम करतंय का' हे ऑक्सिजनला.

श्वासाचा ताल मुळात येतो कुठून?

मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छातून. ल गालवा या फ्रेंच वैद्यानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही जागा सशांच्या पिल्लांवर काम करून दाखवली. तिथल्या नेमक्या कोणत्या पेशी ताल धरतात हे कळायला 1991 साल उजाडलं. नवजात उंदरांच्या मेंदूचा पातळ काप द्रावणात जिवंत ठेवला, तरी त्यातला एक छोटा भाग स्वतःहून लयीत धडधडत राहतो असं दिसलं. त्याचं नाव प्री-बोट्झिंगर कॉम्प्लेक्स. (शेजारच्या भागाला बोट्झिंगर हे नाव एका जर्मन वाइनच्या बाटलीवरून मिळालं. शास्त्रज्ञांनाही रात्रीचं जेवण असतं.)

हे ताल धरणारं यंत्र स्वतः आंधळं आहे. रक्तात काय चाललंय हे त्याला दोन खबरे सांगतात. पहिला खबऱ्या मस्तिष्कपुच्छाच्या खालच्या पृष्ठभागाजवळ बसलेला. कार्बन डायऑक्साइड रक्तातून मेंदूत सहज झिरपतो, पाण्याशी मिळून आम्लता वाढवतो, आणि त्या पेशी ती आम्लता ओळखतात. दुसरा खबऱ्या मानेत, कॅरोटिड धमनीला जिथं फाटा फुटतो तिथं असलेला कॅरोटिड पिंड. तो प्रामुख्यानं ऑक्सिजनवर नजर ठेवतो आणि काही सेकंदांत बातमी पोचवतो. श्वसनाच्या नियंत्रणातली या भागाची भूमिका दाखवल्याबद्दल कॉर्नेल हेमन्स यांना 1938 चं नोबेल मिळालं. मेंदूतला खबऱ्या सावकाश पण ठाम, मानेतला चटपटीत पण उतावळा. नवजात पिल्लाची अडचण अशी, की उतावळ्याचा काटा अजून नीट लागलेला नसतो आणि ठाम खबऱ्याला हाताळायला जागाच फार थोडी असते.

कार्बन डायऑक्साइड हा टाकाऊ वायू. तो कमी झाला तर श्वास थांबायचं काय कारण?

टाकाऊ असला तरी श्वासाचा चाबूक त्याच्याच हातात आहे. हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी 1905 मध्ये माणसांवर दाखवलं, की वायुकोशांतला कार्बन डायऑक्साइड जेमतेम 0.2 टक्क्यानं वाढला तरी तिथलं हवेचं खेळणं जवळपास दुप्पट होतं. याची दुसरी बाजूही तितकीच खरी. झोपेत तो एका ठराविक पातळीच्या खाली गेला, की मेंदूकडून 'श्वास घे' हा हुकूमच निघत नाही. या पातळीला श्वासबंदीचा उंबरठा म्हणू या. उंबरठ्याखाली उतरलं की श्वास बंद. थांबलेल्या अवस्थेत कार्बन डायऑक्साइड साचून पुन्हा उंबरठ्यावर आला की श्वास सुरू.

आता खरी मेख. झोपलेल्या मोठ्या माणसात रोजची पातळी आणि हा उंबरठा यांत साधारण 3.5 ते 4 मिलिमीटर पाऱ्याचं अंतर असतं. अकाली जन्मलेल्या बाळांत मोजलं तेव्हा ते अंतर दीड मिलिमीटरच्याही आत निघालं. म्हणजे बाळ कायम उंबरठ्यावरच उभं असतं. एक जांभई, एक उसासा, थोडीशी चुळबुळ, त्यामागून आलेले दोन-तीन खोल श्वास, एवढ्यानं कार्बन डायऑक्साइड दीड मिलिमीटर सहज खाली येतो आणि छाती थबकते. पिल्लाच्या झोपेतले बरेचसे थांबे एखाद्या मोठ्या उसाशानंतर लगेच का येतात, ते यावरून समजतं. आईनं चाटून हलवलं, पिल्लानं मोठा श्वास घेतला आणि पाठोपाठ थांबलं, तर आईनं काही चुकीचं केलेलं नाही.

थांबून पुन्हा सुरू झाल्यावर तरी श्वास नीट का चालत नाही? चक्र का बनतं?

कारण बातमी उशिरा पोचते आणि प्रतिसाद गरजेपेक्षा मोठा येतो. नळाचं पाणी गरम-थंड करताना हात लावून बघावं, गार वाटलं म्हणून चावी जास्त फिरवावी, पाइपातून गरम पाणी यायला वेळ लागावा, तोवर आपण आणखी फिरवलेली असावी आणि मग चटका बसावा. तसंच.

पिल्लात हे असं घडतं. फुफ्फुसात श्वासाअखेर उरणारा हवेचा साठा लहान, आणि वजनाच्या मानानं ऑक्सिजनचा खप मोठा. माणसाच्या बाळाचा खप किलोमागे मिनिटाला 6 ते 8 मिलिलिटर असतो, मोठ्यांचा त्याच्या जवळपास निम्मा. त्यामुळे चार-पाच सेकंदांच्या थांब्यातही ऑक्सिजन भराभर घसरतो. घसरण पाहून कॅरोटिड पिंड आरडाओरडा करतो, पिल्लू जोरजोरात श्वास घेतं, कार्बन डायऑक्साइड पुन्हा उंबरठ्याखाली जातो, आणि पुन्हा थांबा.

ही नुसती कल्पना नाही. नवजात कोकरांत हे मुद्दाम घडवून पाहिलेलं आहे. कोकराचा श्वास जास्त चालवून कार्बन डायऑक्साइड खाली आणला, की आधी एक लांब थांबा येतो, त्यात ऑक्सिजन उतरतो आणि नंतर आवर्तनं सुरू होतात. आत घ्यायच्या हवेत थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळला तरी आवर्तनं मिटतात, आणि ऑक्सिजन वाढवला तरी मिटतात. मला हे दोन्ही एकत्र लक्षात ठेवणं महत्त्वाचं वाटतं. कार्बन डायऑक्साइड खाली गेल्यानं श्वास थांबतो, आणि ऑक्सिजन खाली गेल्यानं तो नको तितक्या जोरात सुरू होतो. चक्र फिरायला दोघंही लागतात. 'कारण ऑक्सिजन की कार्बन डायऑक्साइड?' हा परीक्षेतला लाडका प्रश्न म्हणूनच चुकीचा विचारलेला असतो.

ऑक्सिजन कमी पडला की पिल्लानं सतत जोरात श्वास घ्यायला हवा ना?

मोठा प्राणी घेतो. पिल्लू सुरुवातीची एक-दोन मिनिटं घेतं आणि मग ढेपाळतं. श्वसन मूळ पातळीवर येतं, कधी त्याच्याही खाली जातं. याला दुपदरी प्रतिसाद म्हणतात. मांजराची आणि सशाची पिल्लं, उंदीर, डुकराची पिल्लं, माणसाची बाळं, अशा अनेकांत तो दिसतो.

थकवा हे त्याचं कारण नाही. कॅरोटिड पिंड तेव्हाही ओरडतच असतो, पण मेंदूच वरून त्याला दाबतो. या दाबण्यात अ‍ॅडिनोसिन नावाच्या रसायनाचा हात आहे आणि मस्तिष्कपुच्छाच्या वर असलेल्या मेंदूच्या भागांचाही. शिवाय लहान पिल्लं दुसरीच युक्ती करतात : मिळकत घटली तर खर्च कमी. ऑक्सिजन कमी झाला की ती शरीराची भट्टीच मंद करतात, अंगाचं तापमान उतरू देतात. खप कमी झाला की कार्बन डायऑक्साइडही कमी तयार होतो आणि श्वासही कमी पुरतो. त्यामुळे श्वास मंदावलेला दिसला तर आधी विचारावं, खपाच्या मानानं तो खरंच कमी आहे का? रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढलेला नसेल तर श्वास कमी नाही, ऑक्सिजनची भूकच कमी आहे. नुसते श्वास मोजून ही गोष्ट कधीच कळत नाही.

पोटात असताना पिल्लू श्वास घेतं का?

हवा नसली तरी श्वासाच्या हालचाली करतं. ऑक्सफर्डला जॉफ्री डॉज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढीच्या गर्भात त्या नोंदवल्या आणि 1972 मध्ये त्या विशिष्ट प्रकारच्या झोपेशी जोडलेल्या असल्याचं दाखवलं. डोळे पापण्यांआड फिरत असतात त्या झोपेत हालचाली होतात, गाढ झोपेत थांबतात. कार्बन डायऑक्साइड वाढवला की जोर वाढतो. ऑक्सिजन कमी केला की मात्र त्या चक्क बंद होतात. पोटात हे शहाणपणाचंच आहे. तिथं श्वास घेऊन ऑक्सिजन मिळणार नाही, उलट स्नायू चालवायला तो खर्चच होणार. पिल्लू जन्मानंतरही काही दिवस या जुन्या सवयीचा अंश बाळगून असतं, आणि वरचा दुपदरी प्रतिसाद त्याच सवयीचा उरलेला भाग आहे असं बरेच अभ्यासक मानतात.

पहिले काही दिवसच जास्त गडबड का?

मेंढीच्या गर्भाच्या धमनीत ऑक्सिजन जेमतेम 20 ते 25 मिलिमीटर पारा असतो. मोठ्या मेंढीत इतका उतरला तर ती मरणाच्या दारात असेल. गर्भ मात्र मजेत असतो. गर्भाचा कॅरोटिड पिंड या आकड्याला 'ठीक' समजायला शिकलेला असतो. जन्मानंतर ऑक्सिजन काही तासांत तिप्पट-चौपट होतो आणि पिंडाला वाटतं, चंगळ आहे. तो गप्प बसतो. त्या दिवशी ऑक्सिजन थोडा कमी झाला तरी तो दखल घेत नाही. नव्या आकड्यावर काटा लावून घ्यायला कोकराला काही दिवस लागतात, उंदराच्या पिल्लाला एक ते दोन आठवडे.

तोवर पिंडाचा उपयोगच नाही असं समजू नका. कोकरं, डुकराची पिल्लं आणि उंदीर यांच्यात नवजात अवस्थेत कॅरोटिड पिंडांच्या नसा तोडल्या, तर पुढच्या दिवसांत किंवा आठवड्यांत श्वासाचे गंभीर थांबे येतात आणि काही पिल्लं दगावतात. मोठ्या प्राण्यात हीच शस्त्रक्रिया सहसा जीव घेत नाही.

झोपेत श्वास फारच वेडावाकडा होतो. त्या वेळी वायू बिघडलेले असतात का?

दर वेळी नाही. नवजात पिल्लांची बरीचशी झोप ही फडफडीची, डोळे फिरण्याची झोप असते. तिच्यात श्वासाचा ताल मेंदूच्या इतर हालचालींसोबत भरकटतो, रक्तातले वायू उत्तम असले तरी. शिवाय या झोपेत बरगड्यांमधले स्नायू सैल पडतात, मऊ छाती आत ओढली जाते आणि फुफ्फुसातला साठा आणखी घटतो. गाढ झोपेत दिसणारी आवर्तनं नियमित, घड्याळासारखी असतात. फडफडीच्या झोपेतले थांबे कसेही येतात. थोडा सराव झाला की नुसतं बघूनही फरक कळतो.

दूध पिताना मध्येच श्वास अडकतो आणि रंग उतरतो. हे कशामुळे?

स्वरयंत्राच्या तोंडाशी पातळ द्रव लागला, की नवजात प्राणी श्वास बंद करतो, गिळतो आणि ठोके मंद करतो. मोठा प्राणी अशा वेळी खोकतो. पिल्लाला ते अजून नीट जमत नसतं, म्हणून ते आधी दार लावून घेतं. यात मुळात वायूंचा दोष नाही, पण ऑक्सिजन आधीच कमी असेल तर हा प्रतिक्षेप लांबतो आणि जीवावर येऊ शकतो. बाटलीचं छिद्र मोठं असणं आणि पिल्लाला उताणं धरून पाजणं, या दोन चुका मी सर्वांत जास्त पाहिल्या आहेत.

अवघड प्रसूतीनंतर पिल्लू आचके देतंय. तो श्वासच ना?

नाही. आणि हा फरक ओळखता येणं बाकी सगळ्यापेक्षा मोलाचं आहे.

नाळ दबून वायूंची देवघेव बंद पडली तर घटना एका ठरलेल्या क्रमानं घडतात. हा क्रम नवजात माकडांवरच्या प्रयोगांत नीट मोजला गेला. आधी जोरजोरात श्वास. मग पहिला थांबा, साधारण मिनिटभर. मग आचके : तोंड उघडतं, मान मागे जाते, छाती एकदाच झटका देते आणि बराच वेळ काही नाही. आचके काही मिनिटं चालतात, विरळ होत जातात, आणि शेवटच्या आचक्यानंतर अंतिम थांबा येतो. दरम्यान ऑक्सिजन जवळपास संपलेला, कार्बन डायऑक्साइड शंभरच्या पुढे गेलेला आणि सामू 7 च्या खाली असतो.

पहिल्या थांब्यात टॉवेलनं खसाखसा पुसलं, नाकात काडी फिरवली, डोक्यावर गार पाणी घातलं तर पिल्लू श्वास घेतं. अंतिम थांब्यात कितीही चोळलं तरी घेणार नाही. तिथं फुफ्फुसात हवा दाबून भरावीच लागते. समोरचा थांबा पहिला की अंतिम, हे बघून कळत नाही. म्हणून नियम सोपा : अर्धा मिनिट चोळून पाहायचं, प्रतिसाद नाही तर तोंडावर मास्क लावून हवा द्यायची.

आचक्यांना तुच्छ लेखू नये, तो निसर्गाचा शेवटचा डाव आहे. एखाद्या आचक्यानं थोडा ऑक्सिजन हृदयापर्यंत पोचला तर ठोके वाढतात आणि पिल्लू आपलं आपण परत येतं. हे नवजातांनाच उत्तम जमतं. रॉबर्ट बॉइलनं 1670 मध्येच हवेच्या पंपाखाली ठेवलेली मांजराची नवजात पिल्लं अपेक्षेपेक्षा बरीच जास्त टिकल्याचं लिहून ठेवलं. शुद्ध नायट्रोजनमध्ये नवजात उंदीर अर्ध्या तासाहून जास्त तगल्याच्या नोंदी आहेत. मोठा उंदीर काही मिनिटांत संपतो.

वासराला मागच्या पायांनी उलटं टांगलं तर फुफ्फुसातलं पाणी निघतं का?

निघतं ते बहुतेक पोटातलं. टांगल्यावर आतड्यांचा भार श्वासपटलावर पडतो आणि श्वास आणखी कठीण होतो. वासराला छातीवर बसवा, पाय दोन्ही बाजूंना. दोन्ही फुफ्फुसं फुगायला मोकळी होतात आणि ऑक्सिजन सुधारतो. कुत्र्याच्या पिल्लांना हातात धरून झोकांडे देण्याची पद्धतही सोडून द्या. मेंदूला इजा होते.

मग सरळ ऑक्सिजन लावून ठेवावा का?

रक्तात कमी असेल तर जरूर. नुसता श्वास अनियमित दिसतोय म्हणून नको. ऑक्सिजन एकदम वाढवला तर कॅरोटिड पिंड गप्प होतो आणि अकाली बाळांत त्यामुळे क्षणभराचा थांबाही येतो. घाबरून जाऊ नये, तो जातो. पण लांबलेल्या चैनीची किंमत मोठी. पहिले काही आठवडे 60 टक्के ऑक्सिजनमध्ये वाढवलेल्या उंदरांचे कॅरोटिड पिंड खुरटले आणि मोठेपणीही ऑक्सिजन कमी पडल्यावर त्यांचा प्रतिसाद मंदच राहिला. ज्या वयात काटा लागतो, त्या वयात चुकीचं वजन ठेवलं की काटा कायमचा हलतो.

कॅफिन आणि डॉक्साप्राम?

कॅफिन अ‍ॅडिनोसिनला अडवतं, म्हणून अकाली जन्मलेल्या बाळांच्या थांब्यांवर ते नेहमीचं औषध आहे. डॉक्साप्राम श्वासाला चाबूक मारतं, पण ज्या मेंदूला ऑक्सिजनच नाही त्याला चाबूक मारून काय साधणार? उलट त्याची ऑक्सिजनची गरज वाढते. हवा भरण्याला ते पर्याय नाही. सिझेरियनच्या वेळी आईला दिलेल्या अफूवर्गीय औषधांनी पिल्लं सुस्त असतील तर त्या औषधांचा असर उतरवणारं नॅलॉक्सोन ही वेगळी गोष्ट, ती पशुवैद्यकावर सोडा.

थंडीचा आणि तापाचा संबंध काय?

दोन्हींचा आहे. कुत्र्याच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात कुडकुडून ऊब निर्माण करता येत नाही. डुकराच्या पिल्लांकडे तर ऊब देणारी, कामाची तपकिरी चरबीही नसते. गार पडलेलं पिल्लू कमी श्वास घेतं, आणि ऑक्सिजन कमी पडलेलं पिल्लू ऊब कमी निर्माण करतं. दोन्ही एकमेकांना खाली ओढतात. म्हणून आधी ऊब, मग दूध. उलट बाजूनं, संसर्गात प्रोस्टाग्लँडिन ई-2 हे रसायन वाढतं आणि ते थेट श्वासाचा ताल दाबतं. गर्भात वार (प्लॅसेंटा) हेच रसायन पुरवून श्वास आवरून धरत असते. तीन दिवस व्यवस्थित असलेल्या पिल्लाला चौथ्या दिवशी अचानक थांबे येऊ लागले, तर मी वायूंच्या आधी संसर्ग शोधतो.

रक्ताचा नमुना कसा घ्यायचा, आणि आकडे कसे वाचायचे?

वासरात कानाची धमनी सोयीची, शिंगरात मागच्या पायाची. हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) लावलेली सिरिंज, हवा पूर्ण बाहेर, टोक बंद, आणि लगेच तपासणी. मी शिकाऊ असताना एका मलूल वासराचा नमुना बुडबुड्यासकट यंत्रात घातला होता. ऑक्सिजन झकास आला, मी खूश. वरिष्ठांनी सिरिंज उजेडात धरली, मुगाच्या दाण्याएवढा बुडबुडा दाखवला आणि काहीही न बोलता दुसरी सिरिंज हातात दिली. बुडबुड्यातली हवा ऑक्सिजनचा आकडा आपल्याकडे ओढते आणि कार्बन डायऑक्साइडचा खाली. दुसऱ्या नमुन्यात ऑक्सिजन 40 च्याही खाली निघाला.

धमनी सापडली नाही तर शिरेतलं रक्तही चालतं, पण फक्त सामू आणि कार्बन डायऑक्साइडसाठी. ऑक्सिजनबद्दल ते काही सांगत नाही. गार पिल्लाचा नमुना यंत्र 37 अंशांवर मोजतं हेही ध्यानात ठेवा. तापमान एका अंशानं उतरलं की खरा ऑक्सिजन साधारण 7 टक्के, कार्बन डायऑक्साइड 4 टक्के कमी असतो आणि सामू 0.015 नं जास्त.

सामान्य प्रसूतीनंतर लगेच वासराचा सामू 7.2 च्या आसपास दिसला तर दचकू नका. सगळीच वासरं थोडी गुदमरून जन्मतात. तासाभरात आकडा वर सरकायला हवा आणि दिवसभरात 7.35 च्या पुढे जायला हवा. 7.0 च्या खाली असेल तर गंभीर. आकड्याच्या उंचीपेक्षा तो कुठल्या दिशेनं चाललाय ते बघा. अर्ध्या तासानं घेतलेला दुसरा नमुना पहिल्यापेक्षा दुप्पट कामाचा असतो.

सगळ्या प्राण्यांत हे सारखंच असतं का?

नाही. कोकरू, वासरू, शिंगरू बऱ्याच तयारीनं जन्मतात; उंदीर, मांजर, कुत्रा अर्धवट. जन्माच्या दिवशीचा उंदीर मेंदूच्या वाढीत पोटातल्या कोकराच्या जवळ असतो, म्हणून उंदरावरचे निष्कर्ष शिंगराला चिकटवताना वयाचा हिशेब करावा लागतो. रक्ताचंही तसंच. मेंढीच्या गर्भात ऑक्सिजन जास्त घट्ट धरणारं वेगळं हिमोग्लोबिन असतं. घोडा आणि डुक्कर यांच्यात ते नसतं.

टोकाचं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या ज्युलिया क्रीक डनार्ट या पिशवीवाल्या प्राण्याचं. बारा-तेरा दिवसांच्या गर्भारपणानंतर जन्मलेलं त्याचं पिल्लू सुमारे 17 मिलिग्रॅमचं असतं, आणि सुरुवातीला वायूंची बहुतेक देवघेव त्वचेतूनच करतं. 1999 मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्याची छाती हलत नाही म्हणून तोंडानं हवा भरायला जाल तर फजिती. दुसऱ्या टोकाला उत्तरी हत्ती सीलची पिल्लं : झोपेतले त्यांचे थांबे वयाबरोबर कमी होण्याऐवजी लांबत जातात. पुढचं आयुष्य पाण्याखाली काढायचं असल्यावर श्वास रोखणं हा दोष कसा?

आमच्या पिल्लाचं हे किती दिवसांत थांबेल?

कोकरू, वासरू काही दिवसांत सावरतं. कुत्र्या-मांजराच्या पिल्लांना साधारण दोन-तीन आठवडे द्या. थांबे अचानक नाहीसे होत नाहीत. आधी जागेपणी जातात, मग गाढ झोपेत, आणि फडफडीच्या झोपेत सर्वांत शेवटी. डोळे उघडून पिल्लू अडखळत चालायला लागेपर्यंत बहुतेकांचं लक्ष श्वासावरून उडालेलंच असतं.